माळ आणि गोळी

कमळाबाईच्या गुडघ्याच्या गोळ्या झिंग्यांच्या टरफलापासून बनतात, हे गावाला कळलं ते तिच्या सुनेमुळे. साधना बिचारी हौशी. बोरिंगवर पाणी भरता भरता तिने डबा वाचून दाखवला, आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी भजन मंडळाच्या मृदंगवाल्या खुशालभाऊकडे पोचली.

कमळाबाई माळकरी. लहानपणापासून गळ्यात तुळशीची माळ, मटण-मासळीला कधी शिवली नाही. भजनात पुढचा आवाज तिचाच. ती नसली की आमचं भजन म्हणजे अळणी वरण.

त्या संध्याकाळी देवळात खुशालभाऊ कोशाचं रेशमी धोतर नेसून बसला होता. ती आत येताच म्हणाला, "गळ्यात माळ अन् पोटात झिंगे? गोळी सोड, नाई तं माळ काढून ठेव इथी." आणि चक्क हात पुढे केला.

तिचा नवरा लटारू फरशीकडे पाहत राहिला. मला असा संताप आला की टाळ फेकून मारावेत! पण मी ते मांडीवरच दाबून बसले.

कमळाबाई म्हणाली, "खुशालभाऊ, तुमचं धोतर कशाचं?"

"कोशाचं. सोवळ्याचं."

"जिते किडे उकळतात तवा हे सूत निघते. तुमच्या कमरेले किडे चालते, माह्या गुडघ्याले टरफल काऊन नाई चालत?"

बाया फिसकन हसल्या. खुशालभाऊ लालबुंद. "नेसनं येगळं, गिळनं येगळं! माळ का गोळी, बोल."

तिने पदराची गाठ सोडली, गोळी काढली आणि देवळातल्याच माठाचं पाणी घेऊन सगळ्यांदेखत गिळली. "माळ माह्या मायनं घातली. काढाची असन तं तिले वरून बोलवा."

मग खांब धरून कण्हत खाली बसली, आपल्या नेहमीच्या जागी, आणि भजन सुरू केलं. खुशालभाऊ मृदंग उचलून तरातरा निघून गेला. आम्ही नुसत्या टाळांवर भजन पुरं केलं. लटारूभाऊसुद्धा गायला, बेसूर का होईना.

घरी जाताना ती चांगलीच लंगडत होती. मी विचारलं, "गोळीनं फरक तं पडला ना व बाई?"

"कायचा फरक! टीचभर नाई. उद्यापासून बंदच करनार होती."

"मंग आता?"

"आता पुरा डबा संपवतो," ती म्हणाली. "अन् साधनाले सांगतो, दुसरा आन."