कपाळापासून हनुवटीपर्यंत

कामोठ्याच्या जुन्या गावात हळद दळली जाते ती हौसाच्या गळ्यावर. ती धवलारीण, लग्नाची गाणी गाणारी. तिनं लग्नाचा धवला धरला, की जात्याला लय सापडते आणि नवरीच्या आईला रडू. पण दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात, सख्ख्या भाचीच्या, प्रांजलच्या लग्नालाच हौसा गाणार नाही म्हणून अडून बसली. शिमग्याला तोंडावरून वारं गेलं नि चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. व्यायामानं ओठ पुन्हा हलू लागले. तरी पदर अर्ध्या गालावर ओढूनच ती वावरायची.

"धवलारणीचं तोंड वाकडं, त नवरीचा संसार वाकडा," धाकटी जाऊ कुमुद नळावर बोलली होती. हौसाला ते पटलं होतं, हेच वाईट.

व्यायाम करून घेणारी शाजिया डॉक्टरीण पनवेलला एसटी स्टँडमागं बसे. हळदीच्या आदल्या दिवशी हौसानं तिच्यासमोर आजारापूर्वीचा फोटो ठेवला, मतदार कार्डासाठी काढलेला.

"मला अशी परत कर, पोरी. सरल. तवाच गाईन."

शाजियानं नवा फोटो काढला, दोन्ही चेहरे कॉम्प्युटरवर एका मापाचे करून शेजारी लावले. कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध रेघ ओढली. डोळे, नाकपुड्या, ओठांची टोकं, दोन्हीकडून मोजली. मोजता मोजता हसायला लागली.

"मावशी, दोन बाजूंत आता फरक आहे तांदळाच्या कणीएवढा. जुन्या फोटोत अख्ख्या दाण्याचा!"

"म्हंजे?"

"म्हणजे आधी तुम्ही जास्त वाकड्या होतात."

"चल! मशीन बिगडलंय तुजं."

शाजियानं मग स्वतःचाही फोटो मोजला. तिची एक भुवई वर चढलेली निघाली. "बघा. अल्लाहनं कुणालाच फूटपट्टी लावून घडवलं नाही. लोक चेहरा मोजत नाहीत, मावशी, सरळ आहे असं धरूनच बघतात. तुम्ही आरशात रोज वाकडं शोधत बसलात, मग ते सापडणारच."

हौसानं जुना फोटो डोळ्यांशी धरला. याच चेहऱ्यावर नवरा भाळला होता. याच तोंडानं निम्म्या गावाच्या हळदी गायल्या होत्या. आणि इतक्या वर्षांत एकालाही दिसलं नाही? तिला असं हसू फुटलं, की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले.

दुसऱ्या दिवशी पदर मागं सारून ती जात्यापाशी बसली. कुमुद टक लावून तिचे ओठ न्याहाळू लागली.

"नीट बघ गो," हौसा म्हणाली. "पयल्यापास्नंच वाकडं हाय. तुज्या हलदीलापन हेच तोंड गायलंय. तुजं काय वाकडं झालं?"

"नवरा तेवढा," कुमुद पुटपुटली, नि मांडव खदखदला.

हौसानं मान वर करून सूर लावला:

"खाडीच्या पल्याड गो, उगावला दिस,
हलदीनं न्हाली गो, लेक माजी राजस..."

बायकांनी ओळ झेलली. जातं घुमलं. आवाज शेजारच्या नव्या सेक्टरातल्या इमारतींच्या गच्च्यांवर चढला. प्रांजलची बहीण रिया मोबाइल घेऊन बाजूनं फोटो काढत होती, मावशीचा उजवा गाल चुकवत. हौसानं गाता गाता तिला हातानं ओढलं.

"समोर ये गो! आख्खा चेरा येऊ दे."