बाजूच्या सीटवरची मान

वयस्कर चालकांची तपासणी करणारी बाई त्या दिवशी पुरती बुचकळ्यात पडली. खोलीतल्या चाचणीत आजोबांची भंबेरी उडाली होती. पडद्याच्या कडेला दिवे लागत होते आणि त्यांना ते दिसतच नव्हते. रस्त्यावर गाडी चालवताना मात्र चूक काढायला जागा नव्हती. चौक आला की ते एकदा तिच्याकडे बघायचे, परीक्षेचा धाक असेल असं तिला वाटलं, आणि अगदी वेळेवर थांबायचे. एक तर यंत्र खोटं, नाहीतर रस्ता.

ताळमेळ बसेना म्हणून तिने त्यांना पुन्हा बोलावलं. आजीही आल्या. नातीला शाळेत सोडायचं काम या दोघांचं होतं; लेक उजाडायच्या आत कामावर जायची आणि त्यांच्या वस्तीकडे बस फिरकत नव्हती. परवाना गेला तर पोरीची शाळा बुडणार, हे आजींनी पुन्हा पुन्हा ऐकवलं.

या खेपेला बाईची मान आखडली होती. गाडीत आजोबांच्या बाजूला ती खांबासारखी ताठ बसली. पहिल्याच चौकात कडेने सायकलवाला आला आणि आजोबा सरळ निघाले. तिने आपल्या पायाशी असलेला जादा ब्रेक दाबला म्हणून निभावलं. सायकलवाला दोघांचाही उद्धार करून गेला.

"आज तुम्ही काही सांगतच नाही," आजोबा तक्रारीच्या सुरात म्हणाले.

"मी परवाही काही बोलले नव्हते, आजोबा."

"बोलला नाहीत, पण सांगत होतात की."

उलगडायला तिला वेळ लागला. परवा ती सवयीने प्रत्येक चौकात इकडेतिकडे बघत होती, आणि हे गृहस्थ रस्ता नव्हे, तिची मान वाचत होते. लबाडी म्हणावी, तर त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता.

परत आल्यावर तिने हे सांगितलं, तेव्हा आजींना यात काहीच नवल वाटलं नाही. बाजूला मी असतेच, त्या म्हणाल्या. डोळे माझे, पाय त्यांचे, आजवर ओरखडा नाही.

"आणि तुम्हाला डुलकी लागली तर?"

उत्तर आजोबांनी दिलं. "लागते की. मग मी गाडी कडेला घेतो. का, कोण जाणे. पुढे जावंसं वाटत नाही."

बाईचा गोंधळ आणखी वाढला. पण सायकलवाला तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. परवाना एकाच माणसाला मिळतो, आणि तो आता मिळणार नाही, असं तिने सांगितलं. कोणाकडे बघून सांगावं ते न कळल्यामुळे दोघांच्या मधल्या भिंतीकडे बघून सांगितलं.

जरा वेळाने आजींनी चौकशी केली, या वयात गाडी शिकवतात का.

"हिला?" आजोबा म्हणाले. "हिला क्लच कुठला तेही माहीत नाही."

"तुम्ही सांगाल की."

शिकता येईल, बाई म्हणाली, पण परीक्षेला एकटीनं बसावं लागेल. आजींनी मान डोलावली आणि आजोबांना विचारलं, "तुम्ही मागे बसाल ना?"