टिगचं पक्कं काम

दुष्काळात आमचे पुढारी आप्पासाहेब उदगीरच्या चौकात पाण्याची लोखंडी टाकी बसवायला निघाले. टाकीवर नाव हवं होतं, 'जिल्हा उदगीर'. जिल्हा अजून झालाच नव्हता.

मी वेल्डर. म्हटलं, "साधं लोखंड हाय, मिग वेल्डिंग मारतो. दोन दिवसांत मजबूत काम होतंय."

"न्हाई मडिवाळप्पा, टिग वेल्डिंगच मारा, वेळ लागला तरी चालंल. फोटोत जोड नाजूक दिसला पाहिजे."

आठ दिवस डोळे जाळून टिग मारलं. मग म्हटलं, "आता पाणी भरून गळती बघू."

आप्पासाहेब खवळले. "पाणी असतं तर टाकी कशाला बसवली असती?"

उद्घाटन झालं. दोन उन्हाळे गेले, टाकीतून थेंब गळला नाही. लोक म्हणतात, टिगचं काम लई पक्कं!