बोटभर माया

विमानतळाच्या स्वच्छतागृहात आरशासमोर उभं राहून धाकट्याने पोट आत घेतलं, श्वास धरला आणि कोटाचं मधलं बटण लावलं. बटणाने क्षणभर कळ सोसली, मग ते तटकन तुटून बेसिनखाली गेलं. तो गुडघ्यांवर बसून ते शोधत होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"पोचलात का दादांकडे?" बायको विचारत होती.

"निघतोय."

"अहो, सहा तासांतले तीन गेले! अजून निघताच आहात?"

गेले होते खरे. पुढचं विमान सहा तासांनी होतं आणि थोरल्या भावाचं शिलाईचं दुकान टॅक्सीने अर्ध्या तासावर. त्यासाठीच तर त्याने हा आडमार्ग घेतला होता. पण उतरल्यावर आधी चहा झाला, मग तोंड धुणं झालं, मग या खुर्चीवरून त्या खुर्चीवर बसणं, की पुन्हा चहा. एरवी कपड्यांच्या कारखान्यात शंभर माणसं हाताखाली असलेला हा कटिंग मास्तर, पण दादाचं नाव निघालं की पाय जड. बटण सापडलं तेव्हा मात्र त्याला हायसं वाटलं. शिंप्याकडे जायला निदान निमित्त झालं.

गल्लीतली सगळी दुकानं बंद होती. एक दादाचं तेवढं उघडं. नशीब म्हणायचं, असं मनाशी म्हणत त्याने टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलं.

बारा वर्षांपूर्वी हे दुकान दोघं मिळून चालवत. धाकटा कापायचा, दादा शिवायचा. शाळेच्या दोनशे विजारींचं काम आलं आणि धाकट्याने डोकं चालवलं. कपडा पुढे सैल करता यावा म्हणून शिंपी शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. ती त्याने ठेवलीच नाही. दोन तागे वाचवले आणि कॉलर ताठ करून हिंडला. सहा महिन्यांत पोरं वाढली. विजारी उसवल्या तर आत काही नाही. पोरांच्या आया दारात येऊन दादाला नाही नाही ते बोलून गेल्या. दादाने महिनाभर मान मोडून दोनशे विजारींना पट्ट्या जोडल्या, आणि शेवटची टेबलावर टाकून चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "तुझ्या हाताला मायाच नाही."

ते धाकट्याच्या जिव्हारी लागलं. दादा कापडाचं बोलला की माणसाचं, हे त्याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेला तो गेलाच. चूक आपली होती हे आठवडाभरात कळलं होतं, पण "चुकलं माझं" एवढे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. लग्नाची पत्रिकासुद्धा त्याने टपालाने धाडली. दादा आला नाही, पार्सल आलं. त्यात हा कोट होता. माप न घेता शिवलेला, आणि अंगावर चपखल बसलेला.

दादा मशीनवर वाकला होता. चष्म्याची काच जाड झाली होती. त्याने मान वर केली आणि जरा जास्तच वेळ बघितलं.

"या. बसा. काय काम आहे?"

जन्मभर "ए गधड्या" म्हणून हाक मारणारा दादा त्याला अहो-जाहो करत होता.

"बटण तुटलंय," तो म्हणाला.

"बटणाचा काय दोष? कोट पुरत नाही तुम्हाला. काढा. हात वर करा."

टेप छातीवरून फिरली, पोटावर थांबली.

"अंग सुटलंय. घरी खायची-प्यायची चंगळ दिसते."

"हो."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी. नऊ वर्षांची."

"नऊ," दादा म्हणाला, आणि माप लिहावं तसं त्याने खडूने टेबलावर नऊ लिहिलं.

मग त्याने ब्लेड घेऊन पाठीची शिवण उसवली. आतलं कापड उलगडलं. चांगलं दोन बोटं रुंद, बाहेरचा रंग विटला होता तरी हे तसंच गडद. धाकटा बघत राहिला. कारखान्यात तो अर्ध्या बोटाच्या वर कुणाला ठेवू देत नसे.

"आत बरंच कापड ठेवलंय," तो म्हणाला.

"ठेवावं लागतं. माणूस काय तेवढाच राहतो?"

मशीन सुरू झालं. आता बोल, धाकट्याने स्वतःला बजावलं. आता नाही तर कधी?

"दादा..."

मशीन थांबलं. दादाने वर पाहिलं नाही, पण पायही पुन्हा हलवला नाही.

"काय म्हणालात?"

"काही नाही. वेळ लागेल का, विचारत होतो."

दादाने सुईखालचं कापड सारखं केलं. मग म्हणाला, "नाही. होतच आलंय." आणि मशीन पुन्हा धडधडायला लागलं.

इस्त्री झाली, बटण शिवून झालं. दादाने मागून त्याच्या अंगात कोट घातला आणि खांदे सारखे केले. हात तिथेच थोडा वेळ राहिले. बटण अलगद लागलं. धाकट्याने खिशाकडे हात नेला, तसा दादा एकदम उखडला.

"जा गधड्या, विमान चुकेल तुझं!"

धाकट्याने विमानाचं नावही काढलं नव्हतं.

"तुझ्या बायकोचा फोन आला होता. सकाळपासून उघडून बसलोय. आज सुट्टी असते आपल्या दुकानाला, तेही विसरलास?"

बाहेर टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

"येतो दादा," एवढंच तो म्हणाला.

"हं," म्हणून दादाने शटरला हात घातला.

विमानात बसल्यावर त्याने कोट काढून उलटा केला. शिवण चाचपली. दादाने एकच बोट सोडलं होतं. दुसरं बोट जसंच्या तसं दुमडून, नव्या दोऱ्याने पुन्हा आत ठेवलं होतं.

परतीचं तिकीट थेट होतं, मध्ये कुठेही न थांबणारं. वेळ वाचतो म्हणून त्यानेच काढलं होतं.

कोट मांडीवर घेऊन तो शिवणीवरून अंगठा फिरवत राहिला. विमान धावपट्टीवर पळायला लागलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. चांगलं मोठ्याने म्हणाला.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना वाटलं, त्याचं कोपर लागलं म्हणून म्हणतोय. त्यांनी आपला हात जरासा आवरून घेतला.

"असू दे रे," त्या म्हणाल्या. "एवढं काय त्यात?"