आलेखबाबांची रेषा

"वर गेली! वर गेली! अहो, पुन्हा वर गेली!"

सभागृहात असा गलका उठला की छतावरची कबुतरं भर्रकन उडाली. भिंतीएवढ्या पडद्यावर एक हिरवी रेषा डावीकडून निघाली, जराशी वळवळली, दोनदा अडखळली आणि मग जिना चढावा तशी सरसर वर गेली. मंचावर निवृत्त पोस्टमनकाका उभे होते. ती रेषा त्यांच्या गुडघ्यांची होती. त्या गुडघ्यांना जन्मात कधी एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. काका हसत होते, डोळे पुसत होते. मंचावरून उतरताना मात्र त्यांनी कठडा गच्च धरला होता आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते खाली येत होते.

त्यांचे पाय एकट्या भिंगरीला दिसले. बाकी सगळे अजून पडद्याकडेच बघत होते.

भिंगरी पंधरा वर्षांची, शिंपीणबाईंची एकुलती एक लेक. घटकाभरही एका जागी बसायची नाही, म्हणून आईनंच तिला हे नाव ठेवलेलं. आज मात्र ती मागच्या भिंतीला टेकून गप्प उभी होती. टाळ्या वाजवणाऱ्या दोनशे माणसांत हात खिशात घालून उभं राहणं किती एकटं वाटतं, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

"पेशी बोलतात, बाळांनो!" आलेखबाबा म्हणाले. शुभ्र सदरा, कानाला चिकटवलेला माइक आणि मधात बुडवून काढलेला आवाज. "पेशी बोलतात, संगणक ऐकतो. मी कोण? मी नुसता दुभाषा!"

पद्धत सोपी होती. उजवा हात पितळी तबकडीवर ठेवायचा. तबकडीची तार टेबलावरच्या मखमली कापडाखाली जायची. मग डाव्या हातानं समोरच्या टॅबलेटवरच्या चौकटी भरायच्या. नाव. वय. आजार. आज कसं वाटतंय, दहापैकी किती? श्रद्धा, दहापैकी किती? औषधाविना किती दिवस झाले? शेवटी 'दाखवा' हे बटण दाबायचं की रेषा हजर. कुणी श्रद्धेला चार आकडा घातला तर रेषा धाडकन खाली यायची आणि बाबा मान हलवायचे, "रेषा रुसली!" त्यामुळे दुसऱ्या खेपेला सगळेच दहा भरायचे.

तिसऱ्या रांगेतून आई उठली. तिनं भरलं: दहा, दहा, त्रेचाळीस. रेषा पार वरच्या कडेला जाऊन टेकली. टाळ्यांचा पाऊस पडला आणि आई नव्या नवरीसारखी लाजली.

त्रेचाळीस दिवस. भिंगरीनं बोटांवर आठवडे मोजले.

आईला काचबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "हा दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं नजर कुरतडत येतो. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, कायमचे. एक दिवस चुकवायचा नाही." आणि थेंबांची बाटली गेले सहा आठवडे खिडकीत न उघडता उभी होती.

"आई, थेंब घाल ना गं," भिंगरी रोज म्हणायची.

"काल रेषा बघितलीस ना?"

"अगं, पण आज सकाळी डाव्या हाताचा कप पाडलास. परवा दाराची चौकट लागली."

"रेषा डोळ्यांची आहे, कप टेबलाचा होता. कार्टे, किती किटकिट करशील!"

पूर्वी दोघी मिळून गिऱ्हाइकांच्या गमती सांगत दोरे कापायच्या. हसून हसून सुई हातातून पडायची. तयार कपड्यांची दुकानं आली, गिऱ्हाइकं आटली, गमतीही आटल्या. आता सहा वाजले की आई सभागृहात जायची आणि आठला उजळलेला चेहरा घेऊन परतायची. पण तो उजेड घरात वापरायचा नसे. तोंड धुवून ती भिंतीकडे वळून झोपायची. भिंगरी शिलाई मशीनसमोर बसून जेवायची आणि शाळेत काय झालं ते मशीनला सांगायची. मशीन निदान मध्येच "रेषा" म्हणायचं नाही.

मंगळवारी संगणकाच्या तासाला बाईंनी एक प्रात्यक्षिक दिलं. एक पान बनवायचं, त्यात गुण भरायच्या चौकटी, खाली बटण. बटण दाबलं की भरलेल्या गुणांचा आलेख तिथल्या तिथे उमटायला हवा. भिंगरीनं गणितात शंभरपैकी चारशे भरले. रेषा चौकट फोडून वरच्या शीर्षकात घुसली. वर्ग खो खो हसला.

"बाई, हा आलेख मला अडवत का नाही?"

"त्याला काय ठाऊक तू किती हुशार आहेस ते?" बाई म्हणाल्या. "त्याला खरं-खोटं कळत नाही गं. तू जे देशील त्याचंच तो चित्र काढतो."

"आणि रेषा थरथरायला हवी असेल तर? जिवंत असल्यासारखी?"

"मध्ये चार आकडे चिठ्ठ्या उचलल्यासारखे कसेही टाकायचे. थरथर दरवेळी वेगळी, शेवट तोच."

भिंगरी ताडकन उभी राहिली. मग तिनं बाईंना सगळं सांगितलं: तबकडी, चौकटी, आईनं बंद केलेले थेंब. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी येते तुझ्याबरोबर. पण मी बोलले तर आईला मी परकी. तुला जमेल? मग एकच लक्षात ठेव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. काय बदललं ते लोकांना आपोआप दिसेल."

रविवारी सभागृह खचाखच भरलं होतं. बाई मागे दाराशी उभ्या राहिल्या. बाबांनी विचारलं, "आज प्रथमच कोण?" आणि भिंगरीचा हात वर गेला. तिसऱ्या रांगेत आईनं चमकून वळून पाहिलं. मग तिच्या तोंडावर असं हसू फुललं की भिंगरीला वाटलं, उलट्या पावली पळून जावं. आईला वाटलं होतं, लेक आपल्याकडे आली.

मंचावर जाऊन भिंगरीनं चौकटी भरल्या. वय एकतीस. आजार, करकर. दहा, दहा, आणि औषधाविना दिवस अकरा हजार. बटण दाबलं. रेषा अशी सुटली की पडद्याच्या वर जाऊन दिसेनाशीच झाली.

"अद्भुत!" बाबा ओरडले. "इतकं शुद्ध स्पंदन मी आजवर पाहिलं नाही!" टाळ्यांनी छत दणाणलं.

"हे आमचं शिलाई मशीन आहे," भिंगरी म्हणाली. शेजारी उभ्या बाबांच्या माइकनं तिचा आवाज सगळीकडे पोचवला. "आणि माझा उजवा हात खिशात आहे."

बाबा सावरले. "बाळे, यंत्रालाही आत्मा असतो! त्याची करकर आता बरी होईल!"

"मग आमच्या पंख्याचंही बघा की हो!" कुणीतरी मागून ओरडलं. चार जण हसले, बाकीच्यांनी त्यांना दटावलं.

भिंगरीनं तबकडी उचलली. तार मखमलीखालून सरसर बाहेर आली आणि वीतभरावर संपली. टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती कुठेच जोडलेली नव्हती.

"स्पंदनं तारेतून जात नाहीत, तारेच्या भावनेतून जातात!" बाबा म्हणाले. आवाजातल्या मधाला जरा आंबूस वास येऊ लागला होता.

"हिला खाली उतरवा!" "कुणाची पोरगी ही?" पहिल्या रांगेतले दोघे उठले. पोस्टमनकाकासुद्धा ओरडले, "पोरी, आमचं बरं झालेलं बघवत नाही का तुला?" भिंगरीनं सभागृहभर नजर फिरवली. एवढ्या माणसांत तिच्या बाजूनं उभं राहिलेलं तिला एकही दिसेना. दारातल्या बाईही गर्दीमागे झाकल्या गेल्या होत्या.

तेवढ्यात आई मंचावर आली. आता कानाखाली बसणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

आईनं लेकीकडे पाहिलंच नाही. तिनं टॅबलेट ओढून घेतला आणि हळूहळू, एकेक अक्षर शोधत, स्वतःचं नाव घातलं. दहा. दहा. आणि आजवरचे दिवस, एकोणपन्नास. रेषा वर गेली. मग तिनं फक्त औषधाविना दिवसांची चौकट पुसली आणि तिथे शून्य घातलं. रेषा वळवळली, अडखळली आणि तळाला जाऊन पडली.

"डोळे तेच," आई स्वतःशीच म्हणाली. "मिनिटभरापूर्वीचेच."

"ताई, शंका आली की रेषा..."

"थांबा." आई बाबांकडे वळली. "मी तीस वर्षं कपडे शिवतेय. गिऱ्हाईक म्हणतं, कंबर अठ्ठावीस. फीत लावली की निघते चौतीस. मी फितीचं ऐकते, म्हणून कपडा अंगात जातो. तुम्ही फीत लावतच नाही हो. आम्हालाच विचारता, आम्ही सांगू तेच शिवता, आणि वर टाळ्या वाजवायला लावता."

पोस्टमनकाका मटकन खाली बसले. आता हात दोन्ही गुडघ्यांवर ठेवून ते त्या गुडघ्यांकडेच असे बघत होते, जणू बऱ्याच दिवसांनी भेट होत होती. काही जण उठून गेले, काही शिव्या देत गेले आणि काही तर उरलेल्या खुर्च्या पुढे ओढून बाबांजवळ सरकले. सगळ्यांचे डोळे एकाच दिवशी उघडत नाहीत.

घरी जाताना आई दोन पावलं पुढे चालत होती. भिंगरीला वाटलं होतं, जिंकल्यावर कसं मोकळं वाटेल. तिला तर रडू येत होतं.

"आई, चिडलीस?"

आई चालता चालताच म्हणाली, "मला थोडं थोडं कळत होतं गं. कप पडायचे, कळायचं ना. पण तिथे गेलं की दोनशे माणसं माझ्यासाठी टाळ्या वाजवायची. घरी काय, तू अभ्यासात आणि मी मशीनवर. मला वाटायचं, रेषा खाली आली तर मला कोण ओळखणार?"

"मी," भिंगरी म्हणाली.  

आई थांबली आणि तिनं डावा हात मागे केला. त्या बाजूचं तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून तो हात हवेत चाचपडत राहिला. भिंगरीनं पुढे होऊन तो पकडला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी आईला अंधाऱ्या खोलीत एका यंत्रासमोर बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कुठेही प्रकाश चमकला की हातातलं बटण दाबायचं. भिंगरी बंद दाराबाहेर बाकावर बसली. आतून आवाज येत होता. टक. टक. टक. मग काहीच नाही. आत दिवे चमकत होते आणि आईला ते दिसत नव्हते.  टक. पुन्हा शांतता, आधीपेक्षा मोठी. त्या शांततेत भिंगरीला कुणी हाक मारली असती तरी ऐकू आलं नसतं.

कागद छापून आला. त्यावर डाव्या कडेला काळा डाग होता.

"ही काळी जागा कशावरून काढलीत?" आईनं विचारलं.

भिंगरीला वाटलं, डॉक्टरीणबाई रागावणार. पण त्यांनी चक्क खुर्ची पुढे ओढली. "चांगलं विचारलंत. तिथे दिवा लावला, तुम्ही बटण दाबलं नाहीत. उजेड वाढवून पुन्हा लावला, तरी नाही. मध्येमध्ये मी दिवा न लावताही थांबले, तुम्ही उगाच दाबताय का ते बघायला. हवं तर पुन्हा करू. दुसऱ्या डॉक्टरांकडेही करून बघा."

"गेलेलं परत येईल?"

"नाही. खोटं कशाला सांगू? उरलेलं मात्र सांभाळता येईल, थेंब चुकवले नाहीत तर."

हे ऐकून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आईनं कागदाची नीट घडी घातली, मान मागे टाकली आणि म्हणाली, "घाल गं थेंब."

तर वाचकहो, रेषा हिरवी असो की सोनेरी, छोट्या पडद्यावर असो की भिंतीएवढ्या, तिला हात जोडण्याआधी तिचा आकडा कुठून आला ते विचारा. तो कुणी मोजला, कशानं मोजला, पुन्हा मोजून दाखवाल का, हेही विचारा. ज्याच्याजवळ उत्तर असेल तो खुर्ची पुढे ओढून समजावून सांगेल. नसेल तो तुमची श्रद्धा कमी पडली म्हणेल. आणि तुमच्या घरातलं कुणी रोज संध्याकाळी अशा रेषेकडे जात असेल, तर त्याला हसू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि मग विचारा.