हलका हात

"उखळात चांदणं सांडलं गं बाई, मुसळाच्या ठेक्यात कांडलं गं बाई..."

आजीचा तो घोगरा आवाज लुसुंगुला अजून ऐकू येतो. आजी मका कांडता कांडता गायची आणि तिच्या पाठीला बांधलेली लुसुंगु त्या हिंदकळण्यातच झोपी जायची.

पुढे ती नर्स झाली. म्झुझू शहराच्या इस्पितळात भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात आली, तेव्हा पहिलीच पट्टी सोडताना तिला ते गाणं आठवलं. पोरं शांत होतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. आता तिने नुसती ओळ गुणगुणली, की खाटाखाटांवर हुंदके सुरू होतात. पट्ट्या सोडायची वेळ झाली, हे पोरांना गाण्यावरून कळतं. घरी लेकीच्या तान्ह्याला निजवतानाही आता ते तिच्या ओठांवर येत नाही.

"सिस्टर, तुमचं गाणं ऐकून कोंबडीसुद्धा अंडं परत गिळेल," मदतनीस म्हांगो म्हणतो.

"मग तू गा. पोरं घाबरून आपापल्या पट्ट्या सोडून ठेवतील!"

बाळंतिणींच्या वॉर्डात बदली द्या, म्हणून ती दरवर्षी मेट्रनकडे जाते. "तुझ्याइतका हलका हात आहे का कुणाचा इथे?" मेट्रन म्हणतात. त्या कौतुकानेच दाराला बाहेरून कडी घातली आहे.

इकडे जूनमध्ये हिवाळा असतो. त्या बोचऱ्या थंडीत सात वर्षांची वेझी चुलीला चिकटून बसली होती. उकळती पेज तिच्या हातावर सांडली. भाजल्यापासून कोपर ती दुमडूनच ठेवायची. आज ते सरळ करून फळीला बांधलं नाही, तर कातडी आखडून हात जन्मभर तसाच राहणार होता. दुखणं कमी करायचं औषध पाजून झालं होतं. ते पुरत नाही, हे लुसुंगुला ठाऊक होतं.

वेझीने हात पोटाशी आवळून धरला.

"दे गं माझ्या राणी, काही दुखत नाही," पायथ्याशी बसलेली तिची आगोगो, म्हणजे आजी, म्हणाली.

म्हांगो पोरीचे पाय धरायला पुढे झाला. लुसुंगुने सवयीने घसा साफ केला.

"गाणं नको," वेझी म्हणाली.

"बरं, नाही गात. पण हात दे. मुळीच दुख—"

"आगोगो म्हणते, दुखत नाही. म्हांगोकाका म्हणतात, दुखत नाही. काल तुम्ही पण म्हणालात. मग मी काय खोटं खोटं रडते?"

म्हांगो हसायला गेला, पण हसू आलंच नाही. लुसुंगुने त्याला डोळ्यांनीच मागे सारलं. चिमटा तबकात ठेवला आणि ती खाटेच्या कडेवर टेकली.

"दुखेल," ती म्हणाली.

आजीने तोंडाला पदर लावला. वेझी मात्र सिस्टरकडे बघत राहिली. मग हळूहळू हात पोटापासून सुटला आणि सिस्टरच्या मांडीवर येऊन पडला.

"किती?"

"खूप. आणि बाळा, दुखवते मीच."