दाब कमीत कमी

शिवराम मेस्त्रींनी पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं, फोल्डरमधून टाचणी लावलेले, एकाच मजकुराचे दोन टाइप केलेले कागद काढले आणि नौपाड्यातल्या त्या एक्स-रे सेंटरच्या काउंटरवर, टेक्निशियनबाईंच्या चहाचा थेंब लागणार नाही अशा बेताने ठेवले.

"हे काय, काका?"

"अटी. सही करून एक प्रत मला द्यायची."

टेक्निशियनबाईंचं नाव मंजुळा. चेंदणी कोळीवाड्यातली. नऊ वर्षांच्या नोकरीत तिला पेशंटांकडून पेढे मिळाले होते, शिव्या मिळाल्या होत्या, एकदा जिवंत खेकड्यांची पिशवी मिळाली होती. अटी पहिल्यांदाच. कागद वाचण्याआधी तिने बाकाकडे पाहिलं. विमलाबाई मेस्त्री मांडीवर पर्स उभी धरून बसल्या होत्या, आपण या गृहस्थांबरोबर आलेलो नाही अशा चेहऱ्याने.

श्रावणात आंघोळ करताना त्यांच्या डाव्या छातीत तुरीच्या डाळीएवढं काहीतरी हाताला लागलं होतं. वर्तकनगरच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात मॅमोग्राफीची चिठ्ठी दिली. आता मार्गशीर्ष चालू होता. मधल्या काळात दोन अपॉइंटमेंट झाल्या आणि मोडल्या. पहिली मोडली, कारण मेस्त्री आदल्या दिवशी एकटेच येऊन मशीन बघून गेले आणि त्यावर तपासणीचा स्टिकर कुठेही चिकटवलेला नव्हता. दुसरी मोडली, कारण फिल्म मंद वेगाची असेल तर किरण जास्त लागतात असं त्यांनी पुस्तकात वाचलं आणि सेंटरमधल्या एकालाही फिल्मचा वेग तोंडपाठ नव्हता.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मेस्त्रींनी एकतीस वर्षं प्रेशर गेज तपासले होते. काटा खरं बोलतो की खोटं, हे ठरवायचं काम. त्यांच्या सहीशिवाय एक गेज दाराबाहेर पडत नसे. नळाला नुसता अंगठा लावून ते पाण्याचा दाब सांगत, आणि तो बरोबर निघे. घरच्या कुकरला त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गेज बसवला होता. तेव्हापासून विमलाबाईंनी शिट्ट्या मोजणं सोडलं होतं. मेस्त्री काटा बघून "उतरव" म्हणत आणि त्या उतरवत.

"एक नंबरची अट," मंजुळा वाचू लागली, "'किरणांचा डोस कमीत कमी ठेवावा.' बरोबर आहे. आम्ही ठेवतोच."

"ठेवतोच म्हणजे किती? किलोव्होल्ट काय लावता?"

"अठ्ठावीसच्या आसपास. पण ते जाडीवर ठरतं."

"जाडी किती धरलीत?"

मंजुळाने कागदावरची ओळ बोटाने शोधली. "आता ते तुम्हीच सांगा, काका. 'सौ.चा संबंधित भाग' असं लिहिलंय तुम्ही. संबंधित भागाची जाडी किती?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला हाताला प्लास्टर घातलेले एक गृहस्थ बसले होते. ते एकदम छताचा पंखा बघू लागले. मेस्त्रींनी चष्मा काढून पुसला. तेहतीस वर्षांच्या संसारात हे माप त्यांच्या वहीत उतरलेलं नव्हतं.

"अगं, ह्यांचं मनावर घेऊ नको," विमलाबाई बाकावरून म्हणाल्या. "मला जन्मभर डोस मिळतायत. त्यात हा एक."

मंजुळा हसू दाबून पुढे वाचत गेली आणि एके ठिकाणी थांबली.

"काका, एक नंबर आणि चार नंबर भांडतायत."

"कशा भांडतील? मी तीनदा तपासलंय."

"चार नंबरला काय लिहिलंय तुम्ही? 'संबंधित भागावर दाब कमीत कमी द्यावा.'"

"बरोबर. तिला दुखता कामा नये."

"मासे खाता ना?"

"मालवणचा आहे मी."

"मग सांगा. सुरमईची तुकडी जाड कापली तर तव्यावर किती वेळ लागतो?"

"जाड असेल तर वेळ लागणारच. बाहेरून करपते तरी आत कच्ची."

"आणि पातळ कापली तर?"

"पातळ काय, दोन मिनिटं..." मेस्त्री म्हणाले, आणि त्यांचा आवाज सावकाश खाली आला.

"तेच. जेवढं जाड, तेवढा डोस जास्त लागतो. आम्ही मशीनच्या प्लास्टिकच्या पट्टीखाली दाबून चपटं करतो, म्हणजे कमी डोसात भागतं. शिवाय हलत नाही, आतलं पसरून नीट दिसतं. तुमच्या अटीने हलकं दाबलं तर डोस वाढणार आणि फिल्मही धूसर येणार. मग परत काढा. म्हणजे डबल. आता यातली कुठली अट ठेवू ते सांगा."

मेस्त्रींनी कागदावरून बोट फिरवलं. व्होल्टेज त्यांनी धरलं होतं. फिल्म, फिल्मपुढची जाळी, बायकोचं वय, मशीनचं वय, सगळं धरलं होतं. राहिला होता तो दाब. एकतीस वर्षं दाबावर पोट भरलेल्या माणसाच्या डोसच्या हिशोबातून.

असं का झालं ते त्यांना माहीत होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. कंपनीच्या लायब्ररीतल्या एक्स-रेवरच्या त्या जाड पुस्तकात दाबाचं एक अख्खं प्रकरण होतं. त्याच्या पहिल्याच पानावर संबंधित भागाचा फोटो होता, आणि समोर लायब्ररियन हौसाबाई कार्डं लावत बसल्या होत्या. मेस्त्रींनी ती चौदा पानं एकदम उलटली होती.

"पुस्तकात हे स्पष्ट दिलेलं नाही," ते म्हणाले.

"नसेल," मंजुळा म्हणाली. "काकू, चला आत. साडी कमरेपर्यंत ठेवा, वर हा गाऊन घाला. पावडर लावलीय का? पुसून घ्या."

विमलाबाई उठल्या. पर्स त्यांनी मेस्त्रींच्या हातात दिली. दारापाशी वळून त्या म्हणाल्या, "आता मागून ओरडू नका, उतरव म्हणून."

दार लागलं. मेस्त्रींनी काउंटरवरचे कागद उचलले, आणि बायकोची पर्स फोल्डरवर, फोल्डर मांडीवर ठेवून ते बसले. आतून मंजुळाचा आवाज येत होता.

"पुढे या. अजून. मान तिकडे. आता दाबते हां, काकू. दुखेल थोडं."

मेस्त्रींनी पर्स दोन्ही हातांनी धरली.

"श्वास रोखा."

बाहेर मेस्त्रींनी श्वास रोखला. मशीन घरघरलं.

"सोडा."

त्यांनी सोडला. प्लास्टरवाले गृहस्थ आता पंखा सोडून त्यांच्याकडे बघत होते. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा त्या गृहस्थांनीही रोखला.

चार. मेस्त्रींनी पेनाने समासात चार रेघा मारल्या. सातवी अट तशीच होती: फिल्म चारच काढाव्यात, पाचवी कोणत्याही कारणास्तव काढू नये. त्यांना जरा बरं वाटलं. निदान ही एक अट कोणाशी भांडत नव्हती.

फिल्म धुवायला गेल्या. पंधरा मिनिटं गेली. आतल्या खोलीत डॉक्टरांचा दिवा लागल्याचं दाराखालच्या फटीतून दिसलं, आणि तो बराच वेळ लागलेलाच राहिला. मग मंजुळा बाहेर आली. या वेळी ती काउंटरमागे गेली नाही. मेस्त्रींच्या शेजारी बाकावर टेकली.

"काका, डॉक्टरांना अजून एक हवीय. डाव्या बाजूची."

"हलली का?"

"नाही. चारही छान आल्यात. काकू एकदम पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. पण त्यांना तेवढी जागा जवळून बघायचीय. लहान पट्टी लावून, तेवढ्यावरच दाबून. मगाचपेक्षा जास्त दाबावं लागेल." तिने कागदाकडे पाहिलं. "सात नंबर आहे तुमचा. म्हणून विचारायला आले."

मेस्त्रींनी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

"तिच्या छातीला," ते म्हणाले, आणि प्लास्टरवाल्या गृहस्थांकडे एकदा पाहून घेतलं. "तिच्या छातीला दुखेल का फार?"

"दुखेल," मंजुळा म्हणाली.

त्यांनी टोपण पुन्हा काढलं. सातव्या अटीवर पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारली. मग चौथीवर. मग जरा वेळ पेन पहिल्या अटीवर धरलं.

"नीट दिसेपर्यंत दाबा," ते म्हणाले. "आणि सहावी लागली तर विचारायला येऊ नका."

पाचव्यांदा आतून "श्वास रोखा" आलं तेव्हा त्यांनी रोखला. "सोडा" कधी आलं ते त्यांना ऐकू आलं नाही.

विमलाबाई साडी नेसून बाहेर आल्या. पदर नेहमीपेक्षा घट्ट लपेटलेला होता. त्या बाकावर बसल्या, पर्स घेतली, उघडून आत बघितली, बंद केली. प्लास्टरवाल्या गृहस्थांचं बोलावणं येऊन ते गेले होते. डॉक्टर दहा मिनिटांत आत बोलावतो म्हणाले होते. भिंतीवरच्या घड्याळात त्याची चार मिनिटं झाली होती.

"डोस किती झाला, मांडलात का?" विमलाबाईंनी विचारलं.

"नाही."

त्यांनी नवऱ्याकडे नीट बघून घेतलं. मग समोर बघू लागल्या.

थोड्या वेळाने पर्सच्या आडून मेस्त्रींनी त्यांचा हात धरला. तेहतीस वर्षांत चारचौघांत हे पहिल्यांदाच होत होतं, पण चारचौघे नव्हते. एकटी मंजुळा होती, आणि ती मेस्त्रींनी परत दिलेल्या दोन्ही प्रतींवर मन लावून सही करत होती. घड्याळाचा काटा आठव्या मिनिटावर आला. आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"अहो," विमलाबाई हळूच म्हणाल्या, "बांगडी रुततेय. किती दाबताय?"

मेस्त्रींनी चटकन हात काढून घेतला.

"कमी करा म्हटलं," विमलाबाई म्हणाल्या. "सोडा नाही म्हटलं."